पाटीवरचा ल

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात दगडावर नाव कोरून घ्यायचं असलं की लोक बसस्टँडमागच्या गजेंद्रच्या दुकानात जातात, आणि दुकानात शिरल्याशिरल्या विचारतात, आम्रपाली आहे का. ती नसली तर उद्या येतो म्हणून परत फिरतात. मशीन गजेंद्रचं, दगड गजेंद्रचा, पाटीच्या कोपऱ्यात फोन नंबरही त्याचाच. अक्षराची कड मात्र आम्रपालीची. हे त्यालाही मान्य आहे, फक्त चारचौघांत तो तसं म्हणत नाही.

बघणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं, मशीनला दिलं की झालं. तसं करणारेही आहेत आणि त्यांच्या पाट्या गावभर लागलेल्या आहेत. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या अक्षरावर थोडा चढवून ठेवतं. पडद्यावर ती सगळी मिळून एक सरळ रेघ दिसते. मशीन भोळं. त्याला प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते आणि ते प्रत्येक कड इमानदारीने कोरत जातं. मग शिरोरेघेवर जोडाजोडाला खाचा पडतात आणि मात्रा मुळाशी कापल्यासारखी वाटते. म्हणून आधी अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून घ्यायच्या, एकमेकांवर चढलेले तुकडे जोडून एक करायचे, कडेवरची नको असलेली टिंबं काढायची. या टिंबांना दुकानात नोड म्हणतात. जितके नोड कमी, तितकी कड साफ. आम्रपाली एकेक नोड तांदळातल्या खड्यासारखा वेचायची. तिच्या पाटीवरून बोट फिरवा, कुठे अडणार नाही, अशी तिची ख्याती होती.

या ख्यातीचा तिला अभिमान होता. त्याला एक दुसरी बाजूही होती आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती.

तिचे वडील म्हणजे दुलीचंद पेंटर. कटंगी, परसवाडा, बैहरकडे जाणाऱ्या जीपांच्या काचांवर, दुकानांवर, शाळांच्या भिंतींवर एके काळी त्यांचंच अक्षर होतं. मग हाताला कापरं भरलं. आधी चहा सांडायला लागला, नंतर ब्रश हलायला लागला. त्यांनी त्या हाताने रंगवलेली शेवटची पाटी मेन रोडवरच्या एका किराणा दुकानावर अजून आहे. दुकानदाराने ती आळसाने ठेवली की मायेने, कोण जाणे. तिच्यावरची अक्षरं थंडीत उभी असल्यासारखी दिसतात. पोरं त्या दुकानाला 'कुडकुड किराणा' म्हणतात. आम्रपालीने एकदा ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून ती स्कूटी मागच्या गल्लीतून नेऊ लागली. गल्लीत नाली फुटलेली असते, चिखल असतो, तरी तिथूनच. वडिलांच्या अक्षरासमोरून जायची तिला लाज वाटायची, आणि अशी लाज वाटते याचीही वाटायची.

आई, लीलाबाई, गेली त्याला वर्ष होत आलं तेव्हा घरच्यांनी ठरवलं की विहारात तिच्या नावाने पिण्याच्या पाण्याची टाकी द्यायची. पुण्यानुमोदनाच्या दिवशी टाकी लागेल आणि टाकीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी. मजकूर साधा होता: कालकथित लीलाबाई दुलीचंद मेश्राम यांच्या स्मृतीस. पाटी कोण करणार हा प्रश्नच नव्हता. आम्रपालीने गजेंद्रकडून दगड निवडूनही ठेवला होता. पण दुलीचंदांनी मध्येच सांगितलं, "लीलाचं नाव मीच लिवीन. तू फकत मशीनवर चढव."

तिला नाही म्हणता आलं नाही. ते रोज सकाळी ओसरीत कागद पसरून बसायचे. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरायचे आणि श्वास रोखून एक रेघ ओढायचे. मग बराच वेळ नुसते बसायचे, मग दुसरी रेघ. कितीतरी कागद चुलीत गेले. शेवटी एक दिवस त्यांनी गुंडाळी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, याच्यापेक्षा चांगलं आता होणार नाही. तेवढं बोलतानाही ते खूश होते.

दुकानात तिने कागद स्कॅन करून कॉम्प्युटरला बाह्यरेषा काढायला लावल्या. तिने मन लावून, खरेपणाने सुरुवात केली, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. पण रेषा पडद्यावर आल्या आणि तिने त्या मोठ्या करून पाहिल्या. एकेका अक्षराच्या कडेवर नोडच नोड, काटेरी कुंपण घातल्यासारखे. कागदावर जे नुसतं हललेलं वाटत होतं, ते मोठं करून पाहिल्यावर करवतीच्या दात्यांसारखं झालं होतं. गजेंद्र मागे येऊन उभा राहिला. त्याने बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "ऐसा काटेंगे तो लोग बोलेंगे, मशीन हिल गई."

तो हसला नाही, हेच तिला जास्त लागलं. हसला असता तर ती भांडली असती.

तिने कड थोडी गुळगुळीत केली. कापरं थोडं कमी झालं. आणखी केली, आणखी कमी झालं. मग अशी वेळ आली की कापरं गेलं आणि त्याच्याबरोबर अक्षरही गेलं. 'ली' पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखी दिसायला लागली. ती मागे गेली आणि पुन्हा दातेरी कड समोर आली. दोन्ही बघवत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर विहार आला, पाण्याला रांगेत उभे असलेले लोक आले, त्या रांगेतली पोरं आली. आईच्या नावाला कोणी 'कुडकुड' म्हटलं तर?

गजेंद्र जेवायला घरी गेला तेव्हा तिने मजकूर सरळ टाइप केला. एक देखणा, भरदार फॉन्ट निवडला. बाह्यरेषा केल्या, शिरोरेघ जोडली, नोड वेचले. हात आपोआप चालत होते, आणि काम नेहमीपेक्षाही चांगलं झालं. मशीन सुरू झालं. दगडावर पाणी पडत होतं, सुई फिरत होती आणि आईचं नाव कुठेही न अडखळता उमटत होतं. सुईखालचा दगड सरकू नये म्हणून तिने हाताला येईल तो कागद पाचरीसारखा कोपऱ्याखाली सारला. मशीन थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, ती दुलीचंदांचीच गुंडाळी होती. राखाडी चिखलात तिचा लगदा झाला होता. तिने तो उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात धुतले, आणि परत धुतले.

घरी तिने सांगितलं ते असं: अक्षर तुमचंच आहे, कॉम्प्युटरने फक्त त्यातलं कापरं काढून टाकलं. दुलीचंदांना ते इतकं पटलं की त्यांनी शेजारीपाजारी जाऊन सांगितलं. कापरं काढायचं मशीन निघालं म्हणे, हाताचं नाही निघत, पण अक्षराचं निघतं. ऐकणारे हो हो म्हणाले. आम्रपाली घरात भांडी घासत ते ऐकत होती आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासत होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, त्रिशरण, पंचशील, सगळं नीट झालं. मग पाटीवरचं कापड काढलं. लोक वाहवा म्हणाले. खरोखर सुंदर दिसत होती पाटी. कोणीतरी म्हणालं, दुलीभाऊंचा हात अजून शाबूत आहे. दुलीचंद पुढे आले. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी बोट लावलं. पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. बोट थरथरत 'का'वरून 'ल'वर आलं आणि तिथेच थांबलं. उजव्या अंगाची उभी रेघ त्यांनी वरून खाली, खालून वर चाचपली. मग बोट लीलाबाईवर गेलं, दोन्ही ल चाचपले आणि शेवटी दुलीचंदातला. आम्रपालीला कळेना, इतकी साफ कड, बाबा अडले कुठे.

अनुसयाबाई, लीलाबाईंची जन्माची मैत्रीण, जवळच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "दुलीभाऊ, तुमीच लिवलं ना?"

दुलीचंदांनी बोट काढलं. मुलीकडे एकदा पाहिलं. "हौ," ते म्हणाले, "माहंच हाय."

अनुसयाबाई म्हणाल्या, मग आमच्या घरच्याचीही तुम्हीच लिहा. त्यांचे यजमान प्रेमलाल वारले होते आणि त्यांच्या नावाने विहारात एक बाक द्यायचा होता. एवढ्या लोकांत दुलीचंदांनी पुन्हा हौ म्हटलं.

त्यानंतर ते गप्प झाले. चिडले असते तर आम्रपालीला बरं वाटलं असतं. ते ओसरीत बसायचे आणि दोन्ही हात पंच्याखाली झाकून ठेवायचे. पूर्वी ते हात लपवत नसत. प्रेमलालच्या पाटीसाठी कागद त्यांनी काढलाच नाही. अनुसयाबाईंची नात दोनदा विचारून गेली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा दुलीचंदांनी तिला होईल म्हणून पाठवलं आणि आम्रपालीला समोर बसायला सांगितलं.

"माहं लिवलेलं तू चढवलंच नाई ना?"

खोटं बोलायला अजून जागा होती. ती म्हणाली, "नाई."

"लाज वाटली?"

"हौ."

"अक्षराची, का माही?"

 ती म्हणाली, लोक हसले असते.

"हासले असते," दुलीचंद म्हणाले. "मंग?"

 मग त्यांनी जे सांगितलं, ते तिला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. ते म्हणाले, "अनुसयाबाईचं बी तसंच कर. कॉम्प्युटरवर. मी माहं हाय म्हणीन. एक बार म्हणून झालं, आता काय."

या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याने काढलेल्या पाटीखाली आपलं नाव टाकलं नव्हतं. एकदा कटंगीच्या एका सेठने नागपूरहून छापून आणलेल्या पाटीखाली 'दुलीचंद पेंटर' लिहायला सांगितलं, तर हे रंगाचा डबा उचलून पायी बसस्टँडवर गेले होते, ही गोष्ट घरात अजून सांगतात. आणि आता ते स्वतः म्हणत होते, मी माझं म्हणीन. हे त्यांना तिने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अनुसयाबाईंकडे गेली. त्या दारात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. आम्रपालीने चप्पलही काढली नाही, उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाटीवरची अक्षरं बाबाची नाहीत. त्यांनी लिहिलेलं मी लावलंच नाही. मला त्यांच्या हाताची लाज वाटली.

अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "कापड काढलं तवाच दिसलं. साऱ्यायलेच दिसलं."

 दिसलं तर बोलला का नाहीत, आम्रपालीने विचारलं.

"तुही मान खाली गेली असती. आन् दुलीभाऊनं हौ म्हटलं, मंग आमी कोण?"

मग त्यांनी तिला आपल्या दाराच्या चौकटीकडे बघायला सांगितलं. चौकटीवर जुन्या निळ्या रंगात प्रेमलाल असं नाव होतं. आम्रपाली लहानपणापासून या दारातून आत-बाहेर करत होती, पण ते नाव तिने कधी अक्षर म्हणून पाहिलंच नव्हतं. त्यातला ल दोन गोल पाकळ्यांचा होता आणि वर छोटासा देठ. तो दगडावरच्या ल सारखा नव्हता. दगडावरच्या ल ला उजवीकडे सरळ उभा दांडा होता, हिंदीत असतो तसा. आम्रपाली हिंदी शाळेत शिकली. तिच्या लेखी ल म्हणजे तोच. फॉन्टने तो दिला, तिने घेतला, त्याची कड घासूनपुसून साफ केली.

अनुसयाबाई सांगत गेल्या. लीलाबाई तुमसरकडची, मराठी चौथी शिकलेली. लग्न होऊन इथे आली आणि गावातल्या पाट्या वाचून हसायला लागली. म्हणाली, या गावचा ल काय म्हातारा हाय, काठी टेकून उभा राह्यते तो? तिच्या नावात दोन ल, नवऱ्याच्या नावात एक. दुलीचंदांनी त्याच आठवड्यात तिच्या लोखंडी पेटीवर तिचं नाव काढून दिलं, बिनकाठीचं. पुढे वॉर्डात ज्याच्या ज्याच्या दारावर त्यांनी नाव लिहिलं, तिथे ल असाच काढला. बाहेरचं काम असलं तर गिऱ्हाईक म्हणेल तसा काढायचे, वॉर्डात मात्र लीलाचाच.

"तिच्या पाटीवर तू चार काठ्या देल्या, बाई," अनुसयाबाई म्हणाल्या. रागाने नव्हे. रागाने म्हटलं असतं तर आम्रपाली तिथे उभी राहू शकली असती. ती उंबऱ्यावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. तांदळाला आलेल्या चिमण्या उडाल्या आणि परत आल्या.

आईला काय आवडायचं नाही, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. आम्रपाली दिवसभर अक्षरांच्या कडाच बघत बसायची आणि तिलाच माहीत नव्हतं. आपण आईचं नाव लोकांच्या हसण्यापासून वाचवलं असं तिला वाटत होतं. खरं तर लोक तिलाच वाचवत होते.

जाताना अनुसयाबाईंनी एकच सांगितलं. "माह्या माणसाचं नाव दुलीभाऊच्याच हातचं पाहिजे. कापरं आलं तर येऊ दे. मी त्याच्यासाठीच मांगितलं होतं."

घरी येऊन आम्रपालीने वडिलांना आधी कागदाचं सांगितलं. तुमचा कागद चिखलात गेला, मी डब्यात टाकला. पंच्याखालचे त्यांचे हात तेवढे हलले. तिने म्हटलं, स्कॅन अजून आहे, मी दुसरा दगड करते, आईचा तो काढू आणि हा लावू. त्यावर मात्र ते ठामपणे नाही म्हणाले. विहाराला दान दिलं ते दिलं. दान परत काढून आणत नाहीत आणि बदलूनही देत नाहीत. जे दिलं तेच तिथे राहतं. तिने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. मग तिने कोरा कागद त्यांच्यासमोर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि अनुसयाबाईंचा निरोप सांगितला.  दुलीचंदांनी पंच्यातून हात काढले. मनगट धरायला डावा हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, नका धरू, जसं येईल तसं येऊ द्या.

प्रेमलालची पाटी कोरायला फार वेळ लागला. सुई प्रत्येक दात्याशी थांबत, वळत, पुढे जात होती. आम्रपालीने एकही नोड काढला नाही. जिथे रेघ उघडी राहिली होती तिथे टोकाला टोक जोडलं, नाहीतर मशीन पुढेच जात नाही, आणि शिरोरेघेचे तुकडे एक केले. बाकी सगळं होतं तसं ठेवलं. गजेंद्र येरझारा घालत होता. तो पुन्हा म्हणाला, लोग मशीन को दोष देंगे. आम्रपाली म्हणाली, "देने दो. नाहीतर माझं नाव सांगा." त्याने पाटीच्या कोपऱ्यात या वेळी फोन नंबर टाकू दिला नाही.

आता विहारात टाकी आहे आणि टाकीला लागून बाक. दोन काळ्या पाट्या शेजारी शेजारी आहेत. एक अशी साफ की बोट घसरावं, दुसरी पाण्यातल्या सावलीसारखी हललेली. संध्याकाळी दुलीचंद बाकावर येऊन बसतात, हात गुडघ्यांवर उघडे ठेवून.

बुद्धपौर्णिमेला परसवाड्याची एक बाई पाणी प्यायला थांबली. तिने दोन्ही पाट्या वाचल्या. हललेल्या पाटीवर बोट ठेवून तिने विचारलं, हे कोणी लिहिलं. आम्रपाली नळाजवळच होती. तिने बाकाकडे हात करून सांगितलं, माझ्या बाबांनी. बाईने दुलीचंदांचे हात पाहिले आणि मान हलवली. तिला कळलं. मग तिने दुसऱ्या पाटीवरून तळवा फिरवला.

"आन् हे?"

"हे मी केलं. माह्या मायचं नाव हाय."

"किती साफ हाय," बाई म्हणाली. "तुह्या मायले लय आवडलं असतं."

हौ म्हटलं असतं तर बाई समाधानाने निघून गेली असती. बाकावर दुलीचंद ऐकत होते.

"नाई," आम्रपाली म्हणाली. "तिले हा ल आवडत नव्हता."

बाईला ते समजलं नाही. ती थांबून राहिली, म्हणून आम्रपालीने ओले हात पुसले आणि तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.